'मेरा साया'च्या आधीचा 'पाठलाग'

मैत्रिणींनो, साधनाचा 'मेरा साया' आठवतो ना? १९६६ सालचा. इथे अक्कलकुव्यात, गुजरातच्या वेशीवर, आपल्या आई-मावशीच्या पिढीला त्यातली गाणी पाठ. पण तो मुळात मराठी सिनेमा, हे किती जणींना ठाऊक आहे? त्याचं मूळ म्हणजे १९६४ चा 'पाठलाग', आणि तो केला राजा परांजपे यांनी.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० चा, मिरजेचा. नाटकातून ते सिनेमात आले, आधी नट आणि मग दिग्दर्शक. गदिमांची लेखणी, सुधीर फडक्यांचं संगीत आणि राजाभाऊंचं दिग्दर्शन असं त्रिकूट जमलं आणि मराठी सिनेमाचे दिवस पालटले. १९५२ या एकाच वर्षी 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे'ने लोकांना पोट धरून हसवलं. १९५४ च्या 'ऊन पाऊस'मध्ये म्हातारपणी मुलांच्या घरी वाटले गेलेले आई-बाप दाखवून त्यांनी बायकांचे पदर ओले केले. बऱ्याच सिनेमांत ते स्वतः कामही करायचे. १९६३ च्या 'हा माझा मार्ग एकला'मध्ये त्यांच्यासोबत चिमुकला सचिन होता.

असा हसवणारा-रडवणारा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर रहस्याकडे वळला. जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कथा त्यांनी घेतली. डॉ. काशिनाथ घाणेकर वकील नवरा, आणि भावना बायको. बायको वारते. नवरा दुःखात बुडालेला असताना पोलीस एका बाईला गुन्हेगार म्हणून पकडतात. हुबेहूब तीच! ती म्हणते, मीच तुमची बायको. नवरा-बायकोशिवाय कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी ती भर कोर्टात सांगते. आणि तो? तो मानायलाच तयार नाही.

अंगावर काटा येतो तो इथेच. भूत नाही, किंचाळ्या नाहीत, रक्तही नाही. एका बाईला आपण कोण आहोत हे स्वतःच्या नवऱ्यापुढे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं, एवढंच. पण खरं बोलूनही घरातल्यांचा विश्वास बसत नाही, ही भीती कुठल्या बाईला नवी आहे? राजाभाऊंनी आयुष्यभर घरातली माणसं रंगवली होती. म्हणूनच त्यांना कळलं असावं की खरी भीती अंधाऱ्या वाड्यात नाही, आपल्या माणसाच्या डोळ्यांतल्या संशयात असते.

'पाठलाग'ला मराठीतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. लगेच १९६५ मध्ये राजाभाऊंनी 'पडछाया' हा आणखी एक रहस्यपट केला. पुढच्या वर्षी राज खोसलांचा 'मेरा साया' आला, देशभर गाजला, आणि मूळ मराठी सिनेमा बऱ्याच जणांच्या विस्मरणात गेला.

९ फेब्रुवारी १९७९ ला राजाभाऊ गेले. ते गेले तरी त्यांचं हे काम जुनं झालेलं नाही. एखाद्या रविवारी दुपारी सगळं आवरून सासू-सुना, मायलेकी मिळून 'पाठलाग' जरूर बघा. 'मेरा साया' पाहिला असेल तर शेवट ठाऊक असेलच, तरीही जीव टांगणीला लागतो. पाहिला नसेल तर शेवट मी सांगणार नाही, आणि तुम्हीही शेजारणीला सांगू नका!