बंदुकीच्या गोळीचा वेग मोजणारा बेंजामिन रॉबिन्स

फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला एक प्रॉब्लेम आपण सगळ्यांनीच सोडवलाय. टांगलेला लाकडी ठोकळा, त्यात घुसलेली गोळी, ठोकळा इतका इतका वर गेला, तर गोळीचा वेग काढा. फॉर्म्युला पाठ असला की पाच मिनिटांत उत्तर! पण हा लंबक आधी कोणाच्या डोक्यात आला, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. लायब्ररीत सहज वाचताना नाव सापडलं, बेंजामिन रॉबिन्स. आणि हा माणूस शेवटी आपल्याच देशात वारला, हे कळल्यावर तर राहवेना. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडमधल्या बाथ गावी झाला. घरची गरिबी होती. आईवडील क्वेकर पंथाचे, म्हणजे लढाई आणि शस्त्रं निषिद्ध मानणारे. पोरगा पुढे बंदुकीच्या मागे लागणार, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. तो युनिव्हर्सिटीत कधी गेलाच नाही. लंडनला येऊन गणित शिकला, शिकवण्या करून पोट भरलं, आणि १७२७ साली विसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. विसाव्या वर्षी! आपण या वयात मेसच्या भाजीवर चर्चा करतोय.

पुढे त्याने राजकारणात उडी घेतली आणि पंतप्रधान वॉलपोलच्या विरोधात पत्रकं लिहिली. वूलविचला नवीन लष्करी अकादमी निघाली तेव्हा तिथे प्रोफेसर व्हायची त्याची फार इच्छा होती. पण जागा दुसऱ्याला मिळाली. आपल्याकडे कॅम्पस इंटरव्ह्यूत नाव आलं नाही की आठवडाभर सुतक असतं. रॉबिन्सने शिकवण्यासाठी जमवलेलं काम पुस्तकात घातलं. १७४२ साली त्याचं तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवरचं पुस्तक बाहेर आलं आणि या विषयाचा चेहराच बदलला.

त्या काळी सगळे गॅलिलिओचा पॅराबोला धरून चालायचे. हवेचा विरोध किरकोळ आहे, सोडून द्या, असं मोठमोठे लोक म्हणायचे. (आपणही प्रत्येक गणितात हेच लिहितो!) रॉबिन्सने सुमारे २५ किलोचा लंबक टांगला, खाली एक फीत लावली आणि त्यावर साधारण ३८ ग्रॅमची शिशाची गोळी झाडली. लंबक मागे गेला की फीत ओढली जायची. तिची लांबी मोजली की लंबकाचा वेग आणि त्यावरून गोळीचा वेग मिळायचा. उत्तर आलं सेकंदाला सुमारे १७०० फूट, म्हणजे ५१८ मीटर.

आता हा आकडा आपल्या रेंजच्या फॉर्म्युल्यात घालून बघा. ४५ अंशांत गोळी २७ किलोमीटर जायला हवी. म्हणजे परभणीत झाडली तर जवळपास मानवतपर्यंत पोचायच्या गोष्टी! प्रत्यक्षात ती एक किलोमीटरही जात नव्हती. रॉबिन्सने लंबक वेगवेगळ्या अंतरावर ठेवून वेग किती घटतो ते मोजलं. सुरुवातीला हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट भरला. आवाजाच्या वेगाच्या आसपास हा विरोध एकदम वाढतो, हेही त्याच्या लक्षात आलं. किरकोळ म्हणून सोडलेली गोष्टच मुख्य निघाली.

दुसरा प्रश्न नेमाचा होता. तीच बंदूक, तेवढीच दारू, तरी एक गोळी डावीकडे तर दुसरी उजवीकडे का जाते? रॉबिन्सचं म्हणणं होतं की गोळी नळीच्या भिंतीला घासून फिरायला लागते आणि त्या फिरण्यामुळे हवेत वळते. हे दाखवण्यासाठी त्याने बंदुकीची नळीच टोकाला थोडी डावीकडे वाकवली आणि पुढे पातळ कागदाचे पडदे लावले. कागदावरच्या भोकांनी सगळं सांगितलं. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे चक्क उजवीकडे वळली! ऑफ स्पिनरचा बॉल हवेत ड्रिफ्ट होतो, त्यातलाच हा प्रकार. खुद्द ऑयलरने १७४५ साली रॉबिन्सचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, पण ही गोष्ट त्याला पटली नाही. गोळीच ओबडधोबड असेल असं त्याचं मत. पुढे १८५२ साली मॅग्नसने प्रयोग केले आणि नाव लागलं मॅग्नसचं.

आता गोळी फिरणारच असेल, तर तिला आपल्याला हवी तशी फिरवू. नळीत पिळाचे आटे पाडले की गोळी भोवऱ्यासारखी स्वतःच्या आसाभोवती फिरते आणि सरळ जाते. अशा रायफली कारागीर आधीपासून बनवत होते, पण त्या नेम का धरतात हे रॉबिन्सने सांगितलं. अंड्याच्या आकाराची, जड टोक पुढे असलेली गोळी वापरा, असंही त्याने १७४७ साली सुचवलं. शंभर वर्षांनी लांबट गोळ्या आल्या. १८५७ च्या काडतुसांत होती ती एनफिल्ड रायफलची लांबट गोळीच.

आजही ओतीव शिशाच्या जड गोळ्या तपासताना हेच बघतात. तेवढ्याच जाडीची गोळी जड करायची तर ती लांब होते आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. पीळ कमी पडला तर ती डगमगते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं. मऊ शिसं आट्यांतून घसरतं, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कडक करतात. एन.सी.सी.त पॉइंट टू टू रायफल चालवलेल्यांना ग्रुपिंग हा शब्द माहीत असेलच.

ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला मुख्य इंजिनिअर नेमलं. जुलै १७५० मध्ये तो कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला पोचला आणि किल्ल्यांच्या दुरुस्तीचे आराखडे करायला लागला. पण इथली हवा मानवली नाही. तापाने खंगून २९ जुलै १७५१ रोजी तो वारला. वय फक्त ४४. त्याच वर्षी फ्रेंच सेनापती बुसी तोफा घेऊन आपल्या औरंगाबादेत आला होता. दोन्ही कंपन्यांना आपल्या देशात तोफखान्याच्या जोरावर पाय रोवायचे होते. रॉबिन्सचं ज्ञान इथे आलं ते आपल्यासाठी नव्हे, हेही विसरून चालणार नाही.

शेवटी एक कबुली. मागच्या सेमिस्टरला माझ्या जर्नलमधली निम्मी रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेली होती. ग्राफ एकदम स्मूद आला, सही पण मिळाली. रॉबिन्सच्या आधीच्या लोकांचा पॅराबोलाही असाच स्मूद होता. या सेमिस्टरला माझा ग्राफ वाकडातिकडा आलाय, पण माझा आहे. बघू या, सर काय म्हणतात!