चाकोरीचे गणित

आमच्या नगर जिल्ह्यात गुऱ्हाळावरचा बैलांचा चरक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक अवघड गणित न शिकताच उमगलेले असते. बैल मध्येच बिचकून धावले किंवा रेंगाळले, तरी दोन-चार फेऱ्यांत पुन्हा आपल्या ठरलेल्या चालीवर येतात. जिना चढल्यावर धडधडणारे हृदयही असेच पूर्ववत होते. अशा फिरून फिरून येणाऱ्या गतींची समीकरणे मात्र सहसा नेमकी सोडवता येत नाहीत. मग ढळलेली गती सावरेल की विस्कटेल, हे ओळखायचे कसे?

या प्रश्नाशी जवळून जोडलेले एक मराठी नाव आपण इतिहासकार म्हणूनच जाणतो : दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात कोसबें येथे त्यांचा जन्म झाला. बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद हे त्यांचे वडील. हार्वर्डमध्ये त्यांना बर्कहॉफ यांच्यासारखे गुरू लाभले. ग्रहांच्या आवर्ती भ्रमणाविषयी प्वांकारे यांनी मागे ठेवलेले प्रमेय १९१३ मध्ये सिद्ध करणारे ते हेच.

कोसंबी १९२९ मध्ये पदवी घेऊन परतले आणि काशी, अलीगढ करून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. समीकरणाची प्रत्येक उकल म्हणजे एक वाट, असे मानून त्यांनी त्या वाटांची भूमिती मांडली. शेजारच्या दोन वाटा एकमेकींकडे वळतात की फाकतात, याची खूण समीकरणातच सापडते. ते पूर्ण सोडवावे लागत नाही. त्याच अंकात फ्रान्सच्या कार्तान यांनी या निबंधावर टिपण लिहिले. १९३९ मध्ये चिनी गणिती चर्न यांनी त्यात भर घातली. म्हणून हा सिद्धांत आज तिघांच्या नावाने ओळखला जातो.

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करता करता नाणी, संस्कृत काव्य, अश्मयुगीन हत्यारे असे त्यांचे विषय वाढत गेले. रीमानचे प्रसिद्ध कोडे सोडवल्याचा त्यांचा दावा मात्र टिकला नाही. १९६२ मध्ये संस्थेतील नोकरी संपली. १९६६ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

फसलेल्या दाव्याची चर्चा पुष्कळ झाली. ऐन पंचविशीत केलेले पक्के काम मात्र आपल्या घरांत कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. प्राण्यांच्या संख्येतील चढउतार अभ्यासणारे परदेशी संशोधक ते वापरतात. आपल्या मुलांना निदान त्यांचे नाव तरी गणिती म्हणून कळावे.