जंगलाचे राखणदार चिको मेंडिस

ब्राझील देशात ॲमेझॉन नदीचे अफाट जंगल आहे. तेथे शापुरी गावाजवळ १९४४ साली चिको मेंडिस जन्मले. घरचा धंदा रबराच्या झाडांचा चीक काढण्याचा. पहाटे अंधारात निघायचे, सालीला तिरपी चीर द्यायची, खाली वाटी अडकवायची. मग परत फिरून चीक गोळा करायचा न् धुरावर धरून त्याचा गोळा बनवायचा. चीर बेताने दिली तर झाड मरत नाही, वर्षानुवर्षे चीक देते. म्हणजे जंगल उभे, तरच चूल पेटणार.

नऊ वर्षांचा चिको वडिलांबरोबर हेच काम करू लागला. शाळा नव्हतीच. मालक लोक ती होऊ देत नसत. मजूर हिशेब शिकले तर वजनातली, उधारीतली लबाडी उघडी पडेल ना! हे वाचून मला फार चीड आली. पुढे सरकारपासून लपून राहिलेला तावोरा नावाचा माणूस भेटला. त्याने जुन्या वर्तमानपत्रांवरून चिकोला वाचायला शिकविले.

१९७० नंतर बाहेरचे धनिक आले. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडून जाळू लागले. तेव्हा, १९७६ पासून, चीक काढणारे लोक बायकापोरांसह तोडीच्या जागी जाऊन उभे राहू लागले. झाडे तोडणारे मजूरही गरीबच. त्यांना समजावून परत पाठवायचे.

त्या जंगलाचे मूळचे रहिवासी आदिवासी. पण रबराच्या मालकांनी पूर्वी त्यांच्या जमिनी बळकावल्या, त्यामुळे चीक काढणाऱ्यांशी त्यांचे जुने वैर. आयल्तन क्रेनाक यांच्यासारखे आदिवासी पुढारी आणि चिको यांनी ते वैर मिटवून एकजूट बांधली. मला वाटते, हेच काम सर्वांत अवघड. जंगल जळाले की त्याचा कार्बन हवेत जातो आणि पृथ्वी तापते, म्हणून बाहेरच्या देशांतूनही त्यांना पाठिंबा मिळाला. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी चिकोंचा गौरव केला.

जमीनदारांना हे खुपले. धमक्या आल्या, घरी दोन पोलीस पहाऱ्याला बसले. तरी २२ डिसेंबर १९८८ रोजी संध्याकाळी, अंघोळीला जाण्यासाठी मागचे दार उघडताच त्यांना गोळी घातली. वय अवघे ४४. एका जमीनदाराला व त्याच्या मुलाला १९९० साली शिक्षा झाली.

त्याच वर्षी सरकारने सुमारे ९ लाख ७० हजार हेक्टर जंगल चिकोंच्या नावाने राखून ठेवले. लोक तेथे आजही चीक आणि रानफळे गोळा करतात. गुरांसाठी चोरटी तोडही काही भागात चालूच आहे.