टिळकांचं घर, टिळकांची गाणी

मागच्या वर्षी आमच्या उधन्यातले एक काका वारले. आयुष्यभर गिरणीत नोकरी केली आणि रविवारी भक्तीत पेटी वाजवली. घरच्या प्रार्थनेला जो छापील कागद वाटला त्यावर दोनच गोष्टी ठळक होत्या: कुटुंबवत्सल गृहस्थ आणि मंडळीचे भजनसेवक. मग गाणी सुरू झाली. एकामागून एक जी निघाली ती बहुतेक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. काकूंनी पुस्तक उघडलंच नाही, सगळी पाठ. घरी परतताना मनात आलं, की ही गाणी ज्यांनी लिहिली त्या टिळकांबद्दल असा कागद छापायचा झाला असता, तर त्यावर कुटुंबवत्सल हा शब्द घालता आला असता का?

टिळकांना आपण शाळेत फुलामुलांचे कवी म्हणून भेटतो. जन्म ६ डिसेंबर १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील कडक, आई कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली आणि मुलगा घराबाहेर पडला तो जवळजवळ कायमचाच. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, थोडं इंग्रजी शिकला. १८८०मध्ये लग्न झालं. मुलगी जलालपूरच्या गोखल्यांची, मनकर्णिका. वय अकरा-बारा. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

पुढची पंधरा वर्षं वाचताना खरं सांगायचं तर राग येतो. नोकरी धरायची, सोडायची. आज वणी, उद्या मुंबई, मग नागपूर, मग राजनांदगाव. नागपुरात 'ऋषि' नावाचं मासिक चालवलं. पैसा हातात ठरत नसे. मनात आलं की माणूस निघून जाई, बायको कधी माहेरी, कधी नातेवाइकांच्या दारी. आधीची मुलं लहानपणीच गेली, १८९१मध्ये दत्तू झाला. पण याच नवऱ्याने तिला लिहायला-वाचायला शिकवलं. तिला शाळा अशी ठाऊकच नव्हती. त्या काळात हे काही कमी नाही.

१८९३मध्ये राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली. त्याने नवा करार हातात दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी टिळक थांबले आणि तिथून मागे फिरले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. बायकोला विचारलं नव्हतं. ती दत्तूला घेऊन आपल्या माणसांत, काही काळ पंढरपुरात. ब्राह्मणाघरची सवाष्ण, नवरा जिवंत आणि तरी समाजाच्या लेखी नसल्यासारखा. तिच्या डोक्यावर त्या दिवशी काय कोसळलं असेल ते 'स्मृतिचित्रे'त वाचावं, मी सांगण्यात अर्थ नाही.

आपल्यात टिळकांविषयी बोलताना हा भाग पटकन उरकतात. बाप्तिस्मा झाला, मग पत्नीही आली, असं एका वाक्यात. मधली चार-पाच वर्षं कुठे गेली? टिळक या काळात पत्रं लिहीत राहिले, भेटायची खटपट करत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या. आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. सक्ती केली नाही, घाई केली नाही. हळूहळू जातीची भिंत त्यांच्या त्यांनाच खोटी वाटू लागली आणि १९००मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ज्या माणसाला कुठेच सहा महिने धीर धरता आला नाही, त्याने इथे वर्षानुवर्षं धरला. माझ्या मते कुटुंबवत्सल शब्दावर त्यांचा हक्क सांगायचा तर इथून सांगावा.

आता गाण्यांकडे येऊ. टिळक अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले, तिथे ईश्वरविज्ञान शाळेत शिकवू लागले, १९०४मध्ये पाळकपदाची दीक्षा झाली. त्या वेळी मंडळीत गायली जाणारी बरीच गीतं इंग्रजीवरून केलेली होती आणि चालीही तिकडच्याच. अडचण कुठे होते ते पेटीवाल्याला विचारा. इंग्रजी चालीचा आघात जिथे पडतो तिथे मराठी शब्दाचं नेमकं ऱ्हस्व अक्षर येतं आणि ते ताणावं लागतं. शब्द कळत नाही, नुसता सूर ऐकू येतो. पुस्तक हातात नसलं तर गाता येत नाही, आणि पुस्तक वाचता येणारे त्या वेळी मंडळीत होते किती?

टिळकांच्या आधी नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि देशी चालींची वाट पाडली होती, त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्या वाटेचा रस्ता केला टिळकांनी. अभंग घेतला, ओवी घेतली, साकी-दिंडी घेतली. मोठ्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण ज्याने वारीत किंवा जात्यावर ऐकले आहेत त्याला नवं गाणं शिकावंच लागत नाही. धृपद एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा तोंडात येतं. टाळ, मृदंग, पेटी एवढं पुरे. शास्त्रीबुवांकडे शिकलेला हा पंडित अक्षर न येणाऱ्या बाईला गाता येईल अशी रचना करत बसला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची धारणा होती. म्हणजे मागचा पूल तोडायचा नाही. 'अभंगांजली' हातात घेतली की हे लगेच कळतं. मंडळ्यांच्या 'उपासना-संगीत'मध्ये आजही त्यांच्या गीतांचा वाटा केवढा मोठा आहे ते अनुक्रमणिका चाळून पाहा.

घर मात्र साधं गृहस्थी घर कधी झालं नाही. पोरकी मुलं, विद्यार्थी, कवी, कोणीही येऊन राही. आपल्या खानदेशातल्या धरणगावचा त्र्यंबक ठोमरे म्हणजे बालकवी काही काळ त्यांच्याकडेच होते आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं वागवलं. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत धरणगाव स्टेशन लागतं, तेव्हा मला हे आठवतंच. बालकवी १९१८मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली गेले. पुढच्याच वर्षी टिळक गेले.

त्याआधी १९१७मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. वय पंचावन्न, पगार बंद. पुन्हा तेच! पण या वेळी लक्ष्मीबाई मागे राहिल्या नव्हत्या, बरोबर होत्या. ९ मे १९१९ला मुंबईत टिळकांचा अंत झाला.

'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य त्यांनी हाती घेतलं होतं, ते दहा-अकरा अध्यायांवरच अडलं. ज्या बाईला त्यांनी अक्षरं गिरवायला शिकवली होती तिने ते पुढे नेलं, आणखी ६४ अध्याय लिहून. ओवीतच. लक्ष्मीबाई १९३६मध्ये गेल्या आणि ग्रंथ १९३८मध्ये निघाला. दोघांचंही लिखाण जपण्याचं, छापण्याचं काम दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी केलं आणि नंतर नातू अशोक टिळकांनी.

काकांची पेटी सध्या काकूंकडेच आहे. त्यांच्या नातीने ती वाजवायला घेतली आहे, भाता अजून नीट जमत नाही. पहिलं गाणं काकूंनीच निवडून दिलं, टिळकांचं.