वारा पडला की इंग्रजांची जहाजं जागेवर अडकायची, पण कान्होजी आंग्रेंची कशी काय वळायची?

केजपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण पाणी आणि होडी या भागाला नवी नाही. केज तालुक्यातच धनेगावला मांजरा धरण आहे. अशा मोठ्या जलाशयात होडी घालणाऱ्या कुणालाही विचारा, होडी पुढे नेणं सोपं असतं. अवघड असतं ते तिला हव्या त्या जागी वळवणं आणि तिथंच धरून ठेवणं.

परदेशात मासेमारीचे शौकीन यासाठी एक यंत्र वापरतात. त्याला ट्रोलिंग मोटर म्हणतात. बॅटरीवर चालणारी ही छोटी मोटर बऱ्याचदा होडीच्या पुढच्या टोकाला बसवलेली असते आणि पायातल्या पेडलने फिरवता येते. पंजा दाबला की उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे. हात गळासाठी मोकळे. पेडलपासून मोटरपर्यंत गेलेली केबल सैल पडली की पाय दाबला तरी मोटर उशिरा वळते, म्हणून केबलचा ताण आणि पेडलची जागा आपल्या पायाच्या सवयीप्रमाणे नीट लावून घ्यावी लागते.

पण खरी गंमत पेडलमध्ये नाही, ती मोटर पुढे बसवण्यात आहे. मागून ढकललेली होडी वाऱ्याच्या झोताने भरकटते. पुढून ओढलेली होडी ओढ असेल त्या दिशेला निमूट येते. बैलगाडीचे बैल पुढे का जुंपतात, तसंच काहीसं.

हेच तत्त्व साधारण तीनशे वर्षांपूर्वी कोकणच्या समुद्रात एका मराठी माणसाच्या आरमाराने वापरलं होतं. मोटर नव्हती, बॅटरी नव्हती. होती ती फक्त वल्ही आणि माणसांचे दंड. त्या जोरावर या माणसाने इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी अशा सगळ्यांना जेरीस आणलं.

त्यांचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

सुवर्णदुर्गापासून सुरुवात

कान्होजींचा जन्म 1669 चा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडच्या आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव पडलं असं सांगितलं जातं. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. त्यामुळे पोराचं लहानपण गेलं ते हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या आसपास, कोळी आणि भंडारी खलाशांच्या संगतीत. भरती कधी, ओहोटी कधी, कुठल्या खाडीत किती पाणी, हे सगळं तिथं अंगवळणी पडलं.

कान्होजी दहा वर्षांचे असताना, म्हणजे 1679 मध्ये, मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी आपली जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण मराठ्यांच्या छोट्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारत निघायच्या आणि बेटावर सामान पोहोचवून परत यायच्या. वारा नसला की इंग्रजांची मोठी जहाजं नुसती बघत राहायची. पुढे कान्होजींनी जे केलं, त्याचं बीज इथंच होतं.

संभाजी महाराजांच्या हत्येच्या आगेमागे कोकणात मोगल आणि सिद्दी यांचा जोर वाढला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला फितूर झाला तेव्हा तरण्याबांड कान्होजींनी त्यालाच कैद केलं आणि किल्ला वाचवला, अशी हकिकत सांगितली जाते. राजाराम महाराजांच्या काळात आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले.

वाऱ्याचं गणित

आता थोडं विज्ञान. कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. हा खारा वारा. एक वारा थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मधे काही वेळ हवा पडलेली असते.

शिडाच्या जहाजासाठी हा वेळ जीवघेणा. शिडात वारा नाही म्हणजे वेग नाही. आणि वेग नाही म्हणजे सुकाणूही कामाचं नाही. कारण सुकाणू जहाजाला स्वतः वळवत नाही. त्याच्यावरून पाणी वाहत गेलं तरच त्या पाण्याच्या दाबाने जहाज वळतं. जहाज उभं असेल तर सुकाणू कितीही फिरवा, उपयोग शून्य. तोफा जहाजाच्या दोन्ही बाजूंना, आणि जहाजच वळेना, तर त्या शत्रूवर रोखणार कशा?

कान्होजींच्या आरमारात दोन मुख्य प्रकारची जहाजं होती. एक गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्या, साधारण दीडशे ते तीनशे टनांपर्यंत, रुंद आणि उथळ. तिचं पुढचं टोक निमुळतं असायचं आणि मोठ्या तोफा त्याच टोकावरून सरळ समोर डागता यायच्या. दुसरं गलबत. ते लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर. पण त्याला चाळीस ते पन्नास वल्ही. वारा असो नसो, ते तासाला सहा-साडेसहा किलोमीटर जायचं. म्हणजे माणसाच्या झपाझप चालण्याएवढा वेग. ऐकायला कमी वाटतो, पण समोरचं जहाज जागेवर उभं असेल तर एवढा वेग भरपूर झाला.

डाव असा असायचा. हवा पडली की गलबतं पुढे यायची, दोराने गुराबांना बांधून घ्यायची आणि ओढत न्यायची. मोठ्या जहाजाचं वळणं सुकाणूवर अवलंबून राहायचंच नाही, ओढणारी गलबतं ज्या बाजूला वळतील तिकडे गुराब वळायची. सगळ्यांनी मिळून शत्रूच्या पिछाडीला जायचं, कारण तिथं त्याच्या तोफा सगळ्यात कमी. मग गुराबांच्या पुढच्या तोफा शत्रूच्या डोलकाठ्यांवर. डोलकाठी मोडली की वारा परत आला तरी जहाज पांगळंच. एवढं झालं की चारी बाजूंनी घेराव. तरीही कुणी हार मानली नाही, तर गलबतांमधून शेकडो माणसं तलवारी घेऊन थेट जहाजावर चढायची.

दस्तक नाही, तर वाट नाही

कान्होजींचं म्हणणं साधं होतं. कोकणचा समुद्र मराठ्यांचा आहे, इथून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आमचा परवाना, म्हणजे दस्तक घ्यावं. पोर्तुगीज हेच तर करत आले होते. पण एका मराठी माणसाने ते केलं आणि इंग्रजांच्या कागदोपत्री तो चाचा ठरला. वास्तविक कान्होजी हे छत्रपतींचे नेमलेले सरखेल होते.

1712 मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. त्या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची बायको कैद झाली. पुढे 30,000 रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आलं.

इकडे जमिनीवर शाहू महाराज आणि ताराराणी यांच्यात वारसाचा वाद पेटला होता. कान्होजी ताराराणींच्या बाजूने होते. शाहूंनी त्यांच्यावर पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथ पुढे आले. लढाईऐवजी बोलणी झाली आणि 1714 मध्ये कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडेच राहिले.

एकामागून एक मोहिमा

1715 च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. आंग्रेंना संपवायचंच, या इराद्याने त्याने नवी जहाजं बांधली. 1717 मध्ये विजयदुर्गावर हल्ला, अपयश. 1718 मध्ये खांदेरीवर हल्ला, तिथंही अपयश.

मग 1720 मध्ये इंग्रजांनी एक अजब वस्तू आणली. तरंगता तोफखाना. जाड लाकडी भिंतींचा, सपाट तळाचा आणि अवजड तोफांनी भरलेला. विजयदुर्गासमोर नेल्यावर लक्षात आलं की तोफांसाठी ठेवलेली भोकं अशी आहेत की तोफांची तोंडं पुरेशी वर उचलताच येत नाहीत. एवढा खर्च करून बांधलेलं धूड, पण नेम लावायची साधी जुळणी चुकलेली. विजयदुर्ग पुन्हा वाचला.

1721 च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडच्या राजाची युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला, गोव्याहून खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉय आला. लक्ष्य होतं अलिबागचा कुलाबा किल्ला. पण किल्ल्याने दाद दिली नाही. त्यातच साताऱ्याकडून बाजीराव पेशव्यांची फौज मदतीला पोहोचली. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून काढता पाय घेतला आणि इंग्रजांना हात हलवत परतावं लागलं.

आरमार आणि घोडदळ एकत्र आलं की काय होतं, हे या लढाईत दिसलं. दुर्दैवाने पुढे ते टिकलं नाही.

नंतर काय झालं?

4 जुलै 1729 रोजी कान्होजींचं निधन झालं. त्यांची समाधी आजही अलिबागमध्ये आहे. सरखेलपद सेखोजींकडे गेलं, पण 1733 मध्ये तेही वारले आणि भावाभावांत फूट पडली. कुलाबा मानाजींकडे, तर विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाचा भाग संभाजींकडे आणि नंतर तुळाजींकडे. तुळाजी आणि पेशवे यांचं बिनसलं. पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्रेंचं आरमार जळून खाक झालं.

जे काम बून आणि मॅथ्यूज यांना कान्होजींच्या हयातीत जमलं नाही, ते आपल्याच दोन घरांच्या भांडणाने इंग्रजांना करून दिलं. यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल असं बळ मराठ्यांकडे पुन्हा उभं राहिलं नाही.

आज मुंबईतला भारतीय नौदलाचा तळ आयएनएस आंग्रे या नावाने ओळखला जातो. खांदेरी बेटालाही कान्होजींचं नाव दिलेलं आहे. पुतळे, नावं हे सगळं आहेच. पण त्यांचं आरमार समजून घ्यायचं असेल, तर एकदा वारा नसताना होडीत बसून बघा. सुकाणू फिरवून काही होत नाही, हे दोन मिनिटांत कळतं. मग पुढे बांधलेला दोर आणि तो ओढणारे चाळीस वल्हेकरी किती मोलाचे होते, हेही कळतं. त्या वल्हेकऱ्यांची नावं इतिहासाने ठेवली नाहीत, पण सरखेलांच्या प्रत्येक विजयात त्यांचे दंड होते.