इंजिनाचा ताप उतरवणारे मायबाख

शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचे हे मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरवतो; पण उष्णता प्रत्यक्ष बाहेर टाकतात त्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आणि घाम. मोटारीच्या इंजिनाला अशी 'त्वचा' दिली विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने.

मायबाख यांचा जन्म १८४६ सालचा, हाइलब्रॉनमधल्या एका सुताराच्या घरातला. दहाव्या वर्षी ते पोरके झाले. रॉयटलिंगेनच्या धर्मादाय संस्थेने त्यांना वाढवले, आराखडे काढायला शिकवले. तिथेच त्यांना बारा वर्षांनी मोठे गॉटलीप डाइमलर भेटले आणि जोडी जमली. कानश्टाटच्या बागेतल्या काचघरात दोघे इतक्या गुपचूप काम करत, की माळ्याला खोट्या नाण्यांचा संशय आला. पोलिसांना आत सापडले ते इंजिन.

इंधनाच्या ऊर्जेचा थोडाच भाग चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता असते. सुरुवातीच्या गाड्या पाणी उकळवून वाफ सोडत. ताकद वाढवली की पाणी वाढवा, पाणी वाढले की वजन वाढले! मार्च १९०० मध्ये डाइमलर गेले आणि त्याच महिन्यात नीसजवळच्या चढाच्या शर्यतीत त्यांच्या कारखान्याची गाडी आदळून चालक विल्हेल्म बावर मरण पावला. गाडी उंच आणि जड होती. व्यापारी एमिल येलिनेक यांनी मग बुटकी, रुंद, हलकी आणि तरीही जास्त ताकदीची गाडी मागितली.

मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीची 'मर्सिडीज' घडवली. तिच्या पुढ्यात ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्यांची मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती. नळ्यांतून वारा, भोवती पाणी. अवघे ९ लिटर पाणी पुरू लागले. आपल्या फुप्फुसांची हीच युक्ती आहे: छातीएवढ्या जागेत सुमारे ७० चौरस मीटर पृष्ठभाग. चढावर गाडी हळू चालते तेव्हा वारा कमी पडतो, म्हणून मागे एक छोटा पंखाही होता. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यती या गाडीने गाजवल्या.

थर्मोस्टॅट नंतर आला. आज वेगवान गाड्यांचे शौकीन पंखा लवकर सुरू करून घेतात, कमी अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बसवतात. पण झडप लवकर उघडली म्हणून रेडिएटरची ताकद वाढत नाही. जाळी अपुरी असेल तर काटा वर जायचा तो जातोच. उलट फार थंड इंजिनात तेल घट्ट राहते आणि झीज वाढते. तापात पॅरासिटामॉल मेंदूतला ठरलेला आकडा खाली आणते. उष्माघातात तो आकडा बरोबरच असतो, उष्णतेची बाहेरची वाट तुंबलेली असते. तिथे ही गोळी कामाची नाही. अंगावर पाणी, जोराचा वारा आणि तातडीने रुग्णालय हवे.

१९०७ साली मायबाख यांनी डाइमलर कंपनी सोडली. पुढे मुलगा कार्लसोबत त्यांनी झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिने केली. १९१६ साली त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली, २९ डिसेंबर १९२९ रोजी ते गेले. दुसरा मुलगा आडोल्फ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण होता. १९४० मध्ये नाझी राजवटीने मनोरुग्णांना मारण्याची जी मोहीम चालवली, तिच्यात त्याचा बळी गेला. त्या मोहिमेत डॉक्टरच पुढे होते.