भीमाने विश्वास ठेवला तो कुणावर?



आठवी-नववीतलं एखादं लेकरू अचानक गप्प होतं. घरी चिडचिड करतं, वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतं. आपण लगेच म्हणतो, पोरगं बिघडलं. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण एकदा आठवून बघा. १४ एप्रिलला आपण त्यांच्या पदव्या मुलांना सांगतो. त्या पदव्यांच्या आधी एक रागावलेला, दुखावलेला मुलगा होता, तो मात्र सांगायचा राहून जातो.

भीमाचा जन्म १८९१ चा. पाच-सहा वर्षांचा असताना आई भीमाबाई वारली. साताऱ्याच्या शाळेत तो घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा. तहान लागली तर शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतेल तेव्हाच प्यायचं. शिपाई नसला की तहानलेलंच राहायचं. त्याच शाळेत आंबेडकर नावाचे एक गुरुजी होते. ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी रोज मधल्या सुट्टीत भीमाला द्यायचे. त्या भाकरीची चव बाबासाहेब मोठेपणीही विसरले नाहीत.

पुढे वडिलांनी, म्हणजे सुभेदार रामजींनी, दुसरं लग्न केलं. आईच्या जागी दुसरी बाई आलेली भीमाला सहन झाली नाही. वडिलांवरचा विश्वासच उडाला. या घरात राहायचं नाही, मुंबईला पळून जायचं आणि गिरणीत काम करायचं, असं त्याने ठरवलं. भाड्याला पैसे कुठले? मग जीव लावणाऱ्या आत्याचीच पिशवी चोरायचा बेत केला. तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत फक्त अर्धा आणा! त्या पोराला स्वतःचीच लाज वाटली. पळून जायचा विचार त्याने सोडला. आता नेटाने अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

नंतर हे कुटुंब मुंबईला आलं. परळच्या चाळीत एकच खोली, त्यातच चूल, सामान आणि सगळी माणसं. रामजी भीमाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे आणि मग त्याला अभ्यासाला उठवायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन तिचा दागिना मागायचे, तो गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. ज्या बापावर मुलगा रुसला होता, त्या बापाने उपदेश न करता रोजच्या वागण्यातून विश्वास परत मिळवला.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्येही अपमान सुटला नाही. गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला पोरांची धावपळ उडाली. असा मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसायचा. तिथे रोज येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींचं लक्ष त्याच्याकडे गेलं. गुरुजी त्याच्या शाळेतले नव्हते, जातीतलेही नव्हते. त्यांनी चौकशी केली आणि त्याला वाचायला पुस्तकं देऊ लागले.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांच्या हातात ठेवलं. पुढे कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा हेच गुरुजी त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा त्या पुस्तकाला जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती.

आपल्या मराठवाड्याशीही हा धागा जोडलेला आहे. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. खेड्यापाड्यातल्या, ज्यांना कुणाचा आधार नव्हता अशा कितीतरी पोरांना तिथे शिकता आलं.

आता आपल्या मुरुडचा विचार करा. कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि लेकरू आजीजवळ असतं. कुणाला मार्कांसाठी लातूरला एकट्याने खोलीवर ठेवलेलं असतं. अशा मुलाच्या मनात राग साचला, तर तो ऐकून घेणारं माणूस कोण आहे? शाळेत एकतरी गुरुजी किंवा बाई, आणि घरात एकतरी मोठं माणूस असं हवं, की चूक झाली तरी पोरगं न भिता त्याच्याकडे येईल.

भीमाला कुणी मोठं भाषण दिलं नव्हतं. एकाने भाकरी दिली, बापाने आपली झोप दिली, एकाने पुस्तक दिलं. हे तर आपल्यालाही जमण्यासारखं आहे. उद्या वर्गात गेलात की आधी बघा, एकटं कोण बसलंय. त्याच्याजवळ जा, आणि अभ्यासाचं नंतर विचारा.